विशेष ज्ञानाचा दाखला

नोकरीची पहिली दहा वर्षं मी खोटं टाइप करण्यात घालवली, आणि ते काम मला फार छान जमायचं.

सातपूरला एका परदेशी कंपनीचा कारखाना होता. तिथे मशीन बनवणारी मशीनं बनायची, म्हणजे लेथ, ग्राइंडिंग वगैरे. मी पर्सोनेल खात्यात होते. पुढे त्या खात्याचं नाव ह्यूमन रिसोर्सेस झालं. पाटी बदलली, पंखा तोच राहिला. कंपनीचं मूळ घर समुद्रापलीकडे होतं, पण त्या देशाचं नाव आमच्यात कोणी घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणायचो. ड्रॉइंग तिकडून आलंय. साहेब तिकडे गेलेत. तिकडे विचारावं लागेल. मीही इथे तसंच म्हणणार आहे, आता सवय जात नाही.

नव्वदनंतर तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. आधी एखादे डायरेक्टर जायचे, त्यांना हार घालून गाडीपर्यंत सोडायचे. मग मॅनेजर जायला लागले, मग असिस्टंट मॅनेजर. कंपनीतल्या कंपनीत बदली, नाशिकच्या खुर्चीतून उठून तिकडच्या खुर्चीत बसायचं, एवढाच मामला. पण मध्ये व्हिसा आडवा यायचा, आणि त्याला एक अट होती. जाणाऱ्या माणसापाशी 'विशेष ज्ञान' असलं पाहिजे. म्हणजे असं काहीतरी, जे कंपनीत इतर कोणाला येत नाही आणि तिकडे शोधूनही सापडत नाही. तसं कंपनीने लेटरहेडवर लिहून द्यायचं आणि प्लांट हेडनी सही करायची. लिहायचं मी, कारण खात्यात माझं इंग्रजी टायपिंग सगळ्यात शुद्ध होतं आणि माझ्या पोस्टला नाही म्हणायची सोय नव्हती.

माझं माहेर मखमलाबादकडचं, माळ्याचं घर. वडील आणि भाऊ वांगी, मेथी, झेंडू लावायचे. लहानपणी मी बाजारात पाटीमागे बसलेली आहे. कालची मेथी पाणी मारून आजची म्हणून कशी द्यायची, हे मला आठव्या वर्षी येत होतं. त्यामुळे साहेबांची पत्रं लिहायला वेगळं ट्रेनिंग लागलं नाही.

परचेसचे एक साहेब होते. त्यांना येणारी एकमेव गोष्ट म्हणजे आलेल्या फायलीवर 'चर्चा करा' असं लिहून ती परत पाठवणं. मी लिहिलं, बहुस्तरीय निर्णयप्रक्रियेचं दुर्मीळ ज्ञान. व्हिसा आठवड्यात आला. क्वालिटीच्या एका साहेबांच्या शर्टाला जन्मात ऑइलचा डाग लागला नव्हता. त्यांना मी एका स्वच्छ तपासणी पद्धतीचे जनक करून टाकलं. एका साहेबांबद्दल तर त्यांच्या खुर्चीवर टाकलेल्या टर्किश टॉवेलशिवाय मला काहीच आठवेना. शेवटी त्यांच्या नावावर 'भारतीय कार्यसंस्कृतीची सखोल जाण' खपवली. तेही गेले आणि जाऊन दोन वर्षं राहिले.

परत येताना हे लोक हॉटेलातले छोटे साबण आणि शाम्पूच्या बाटल्या आणायचे आणि मूठभर माझ्या टेबलावर ठेवायचे. माझ्या सगळ्या साहित्यसेवेचं मानधन ते. आई साबणाचे कागद उलगडताना विचारायची, तुझे साहेब तिकडे शिकायला जातात का अंघोळीला? मला उत्तर माहीत होतं, पण नोकरी टिकवायची होती.

गंमत म्हणजे खरोखर विशेष ज्ञान असलेला एक माणूस त्या कारखान्यात होता. तो असेंब्ली शॉपच्या कोपऱ्यात दिवसभर वाकून उभा असायचा. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे.

त्यांचं काम स्क्रेपिंगचं. मशीनच्या खाली एक लांब लोखंडी बेड असतो, त्याच्यावरून वरचा भाग सरकतो. हा बेड मशीनने सपाट करतात, पण मशीनचा सपाटपणा पुरत नाही. मग एका अगदी सपाट पट्टीला निळा रंग पुसटसा लावून ती बेडवर फिरवायची. बेड जिथे उंच असेल तिथे निळा ठिपका उमटतो. पटाशीसारखं एक हत्यार असतं, स्क्रेपर, त्याने तेवढाच ठिपका खरवडायचा. परत रंग, परत ठिपके, परत खरवड. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत हेच. एका बेडला आठ-दहा दिवस जायचे. किती जोर लावायचा, कुठे थांबायचं, हे कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. ते हातालाच कळावं लागतं.

उस्ताद सिन्नरकडच्या एका गावचे. रोज एस.टी.ने यायचे, एस.टी. चुकली तर जीपमध्ये कोंबून घेऊन. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं आणि नखं बारा महिने निळी.

त्यांच्या शॉपचा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला. एखाद्याला स्क्रेपिंग कितीही चांगलं येऊ दे, जोवर त्याने दुसरा माणूस तयार केला नाही तोवर त्याला उस्ताद म्हणायचं नाही. माणूस तयार झाला हे ठरायची पद्धतही साधी होती. उस्ताद त्याच्या बेडवर रंग फिरवून बघायचे आणि एक शब्द न बोलता डबा खायला निघून जायचे. बोलले तर अजून तयार नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की नारळ त्या नव्या माणसाने फोडायचा. उस्तादांच्या हाताखालून नारळ फोडलेली माणसं अकरा होती. मुलं किती विचारलं तर उस्ताद तीन म्हणायच्या आधी क्षणभर थांबत, पण माणसं किती विचारलं की लगेच अकरा.

आणि उस्तादांना ज्यांनी तयार केलं, ते तिकडचेच होते. कारखाना नवा असताना मशीनं बसवायला एक म्हातारा फिटर आला होता, तो दोन वर्षं राहिला. ह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्यांची येत नव्हती. हाताला हात धरून शिकवलं. जाताना आपला लाकडी मुठीचा स्क्रेपर देऊन गेला. पुढे तो वारल्याचं कळलं, तेव्हा उस्तादांनी एक दिवस रजा टाकली होती. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं, 'बाबा वारले'. ती रजा मीच मंजुरीला पाठवली. त्यांचे वडील गावाकडे ठणठणीत होते हे मला बरंच नंतर कळलं.

दोन हजार साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. तिकडून मेल आला. त्यांनी स्क्रेपिंग कधीच बंद केलं होतं, जुने फिटर पेन्शनीत गेले होते, काही वरही गेले होते. आता जुनी मोठी मशीनं दुरुस्तीला यायला लागली आणि ठिपका खरवडणारा एक हात सबंध कारखान्यात उरला नव्हता. तुमच्याकडचा जाणकार सहा महिने पाठवा, आमच्या लोकांना शिकवू द्या. प्लांट हेड साहेबांनी 'जाणकार' एवढाच शब्द वाचला आणि स्वतःची बॅग भरायला काढली. चार दिवसांनी दुसरा मेल आला: जो स्वतःच्या हाताने काम करतो असाच. साहेब आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, जणू तो मेल मीच लिहिला होता.

तोवर शॉपवरचा एकही माणूस तिकडे गेला नव्हता. उस्ताद ऑफिसात आले तेव्हा बूट दाराबाहेर काढून आले. मी म्हटलं, हे देऊळ नाही, इथे देव तर मुळीच नाहीत. ते हसले नाहीत. मशीनच्या पितळी पट्टीवर ज्या गावाचं नाव असतं, त्याच गावात जायचं का, एवढंच विचारलं. बाबा तिथल्याच शॉपवर होते. मी कागद बघून हो म्हटलं.

"मंग जातो," ते म्हणाले. "बाबांच्या कामाच्या बाकापाशी उभं ऱ्हाऊन एक बेड करायचाय मला. बाकी काय नको."

ते ऐकल्यावर मी ठरवलं की हा माणूस काहीही झालं तरी गेला पाहिजे. दहा वर्षं टॉवेल पाठवले, एकदा तरी माणूस पाठवायचा.

पासपोर्टपासून सुरुवात केली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. त्या गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण मास्तरांना तीच तारीख सोयीची होती. पोलीस चौकशीला आलेल्या हवालदाराने त्यांच्या घरी चहा घेतला आणि तिकडे गेल्यावर आपल्या पुतण्याचं काही जमतं का बघा म्हणून सांगून गेला. कोट जावयाच्या लग्नातला निघाला. खांद्यात बसला, पण पोटावर बटण लागेना, तेव्हा न लावण्याची फॅशन आहे असं मी सांगून टाकलं. नखांसाठी तीन दिवस रॉकेल आणि धुण्याचा सोडा. मुलाखतीला निळी नखं बरी दिसणार नाहीत, असं माझं डोकं. नखं गोरीपान झाली. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसाचा एकुलता एक पुरावा मी घासून काढला.

पत्र लिहायला मात्र मला आठ दिवस लागले. टॉवेलवाल्या साहेबांचं पत्र मी जेवायच्या सुट्टीत लिहिलं होतं. खरं लिहायला बसले तर शब्दच फुटेना. 'उत्कृष्ट', 'अद्वितीय', 'असाधारण' हे सगळे मी आधीच्या साहेबांवर उधळून बसले होते. शेवटी अटीत होतं तेच वाक्य घातलं, की हे ज्ञान कंपनीत यांच्याशिवाय कोणापाशी नाही. प्रत्येक पत्रात असायचंच ते. त्यावर मी क्षणभरही विचार केला नाही, आणि हीच माझी चूक.

मुलाखत मुंबईला, वकिलातीत. सकाळच्या गाडीने आम्ही दोघं गेलो. उस्तादांना आत सोडलं. मी समोरच्या फुटपाथवर इतरांच्या बायका, आया, मेहुणे यांच्यात उभी राहिले. एका बाईने मला विचारलं, तुमचे मिस्टर का? मी म्हटलं, नाही, आमचे उस्ताद. तिला वाटलं गवई असतील. ती म्हणाली, गाणाऱ्यांना लगेच देतात.

पंचवीस मिनिटांत ते बाहेर आले. कोट काढून हातावर घेतला होता आणि वरच्या खिशात कागदाची घडी होती. मी घडी उघडली. नकार. विशेष ज्ञान सिद्ध होत नाही, असं छापील वाक्य होतं.

आत काय झालं ते त्यांनी परतीच्या गाडीत सांगितलं, तेही मी चार वेळा विचारल्यावर. काचेपलीकडे एक तरुण बाई होती, शेजारी मराठी बोलणारी दुभाषी. कामाचं विचारलं, उस्तादांनी हाताने करून दाखवलं. बाई खूश झाली. मग तिने विचारलं, हे काम तुमच्या कंपनीत आणखी कितीजणांना येतं? उस्ताद छाती काढून म्हणाले, अकरा.

बाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. उस्तादांनी बोटांवर अकरा मोजून दाखवले, कोण कुठल्या गावचा ते सांगत. तिने विचारलं, पण तुमच्याइतकं चांगलं नाही ना येत? तर हे म्हणाले, त्यातले दोघं माझ्यापेक्षा सरस हायेत. मग त्यांच्यापैकी कोणी का जात नाही? हे म्हणाले, मोठा मी हाय. बाईने माझं पत्र पुढे ओढलं, त्यातल्या त्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली आणि छापील कागद काढला. तिचा तरी काय दोष? समोरचा माणूस स्वतःच्याच पत्राविरुद्ध साक्ष देत होता.

माझं डोकं फिरलं. डब्यातले लोक बघतायत याचंही मला भान राहिलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला 'कोणालाच येत नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं? आमच्या साहेबांना काही येत नव्हतं, तरी ते तेवढं म्हणून आले.

उस्ताद आपल्या धुतलेल्या नखांकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "कोणालाच येत नाय म्हटलं असतं, तर मंग मी इतकी वर्षं केलं काय?"

तरी माझा राग गेला नाही. इगतपुरीला मी दोघांसाठी दोन वडापाव घेतले आणि दोन्ही एकटीनेच खाल्ले.

प्लांट हेड साहेबांना मनातून बरं वाटलं असावं. ते म्हणाले, या लोकांना बोलायचं कसं ते कळत नाही. ते ऐकून मी खुर्चीत बसले ती दुसरं पत्र लिहूनच उठले. त्यात एकही विशेषण नव्हतं. लिहिलं की तुम्हाला काम करणारा नको आहे, शिकवणारा हवा आहे. ह्या माणसाने आजवर अकरा माणसं तयार केली आहेत, आणि असं दुसरं कोणी आमच्याकडे नाही. माझ्या सबंध कारकिर्दीत लेटरहेडवर टाइप केलेलं ते पहिलं खरं पत्र. साहेबांनी वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ह्या अकराचीच तर अडचण झाली आहे, आकडा काढा. मी काढला नाही, त्यांनी सही केली नाही. पत्र मी उस्तादांना वाचून दाखवलं आणि ते फायलीत गेलं. उस्तादांना कोणीतरी जाऊन सुचवलं की पुढच्या वेळी जरा वेगळं बोलून बघा. ते म्हणाले, पोरं रोज पुढ्यात उभी असतात, त्यांना नाय म्हणून मला कुठंच जायचं नाय. विषय संपला.

साहेबांचा संपला नव्हता. त्यांनी एका असिस्टंट मॅनेजरला उस्तादांच्या मागे आठ दिवस वही घेऊन उभं केलं. त्याने खूप लिहून घेतलं, फोटोही काढले. त्याचं पत्र मी जेवायच्या सुट्टीत लिहिलं. वकिलातीत त्याला तोच प्रश्न आला, तो म्हणाला फक्त मला येतं, आणि व्हिसा घेऊन आला. तिकडे जाऊन त्याने तीन दिवस पडद्यावर चित्रं दाखवली. चौथ्या दिवशी त्यांनी त्याच्या हातात स्क्रेपर दिला. पाचव्या दिवशी मेल आला. महिन्याभरात तो परत आला, साबण घेऊन.

मग तिकडच्यांनी विचार उलटा फिरवला. माणूस येत नसेल तर आमची माणसं तिकडे येतील. तिकडे म्हणजे इकडे. आयुष्यात पहिल्यांदा आमचं सातपूर कोणासाठी तरी 'तिकडे' झालं.

दोघं आले, एक चाळिशीची बाई आणि एक उंच, किडकिडीत तरुण. दोघंही मशीनवर काम करणारे. त्यांचेही कागद मलाच करायचे होते. त्यांच्याही पत्रात लिहावं लागणार होतं की ह्यांच्यापाशी असं काय आहे. मी सरळ लिहिलं, काही नाही, शिकायला येत आहेत. नियमात ते कसं बसवलं ते विचारू नका, पण बसलं. पोलिसांत नोंद करायला गेलो तर तिथल्या हवालदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, मॅडम, खरं सांगा, ही मंडळी आपल्याकडे नेमकं काय करायला आली? मी म्हटलं, सिन्नरच्या माणसाकडे काम शिकायला. त्याने त्या दोघांकडे परत एकदा नीट बघितलं आणि शिक्का मारला.

शॉपवर बायकांसाठी संडास नव्हता. मी नऊ वर्षं अर्ज करत होते. ही बाई आली आणि चार दिवसांत तो टाइल्ससकट उभा राहिला. मला तिचा राग यायला हवा होता, पण तो वापरताना आला नाही.

उस्तादांनी दोघांना तीन आठवडे एकाच लोखंडी पाटीवर घासायला लावलं. बोलण्याचा प्रश्न नव्हता. हातावर हात ठेवायचा, चुकलं तर 'अं' म्हणायचं आणि बरोबर असेल तर काहीच नाही. पहिल्याच आठवड्यात दोघांची नखं निळी झाली. त्या तरुणाच्या तळहाताला फोड आले, तेव्हा उस्तादांनी घरून हळद आणि तूप आणून लावलं. अकराजण आळीपाळीने त्यांना मिसळ खायला नेत आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की फार समाधानाने परत आणत. ती बाई मात्र तिखटाला आणि उस्तादांना, दोघांनाही पुरून उरली. ती संध्याकाळचा भोंगा झाला तरी हलायची नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत उस्तादांनी मला बोलावून घेतलं. तिला विचारायचं होतं, बाबांचा बाक कुठे आहे. खिडकीजवळचा, उजव्या अंगाला. मी विचारलं. तिला माहीत होता. म्हणाली, आहे अजून, जड आहे म्हणून कोणी हलवला नाही, आता त्याच्यावर कॉफीचं मशीन ठेवलंय.

हे मराठीत सांगावं की नाही, असा मला प्रश्न पडला. दहा वर्षं खोटं लिहिलेल्या बाईला एवढं एक वाक्य बदलायला काय लागतं? पण त्या माणसापुढे मला ते जमलं नाही. मी सांगितलं. उस्तादांनी डब्याचं झाकण लावलं, उठले आणि कामाला लागले. त्या दिवशी मला तिकडच्या सगळ्या कारखान्याची मनापासून चीड आली. माझ्या हातात असतं तर ते मशीन तिथल्या तिथे फोडलं असतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी उस्तादांनी त्या दोघांच्या बेडवर रंग फिरवला. आधी तरुणाच्या, मग बाईच्या. सगळा शॉप हातातलं काम टाकून बघत होता. त्यांनी वाकून ठिपके बघितले, डोळे बारीक करून परत बघितले, आणि एक शब्द न बोलता डबा घेऊन निघून गेले. बाईने घाबरून माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. अकराजण एकदम टाळ्या वाजवायला लागले तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने मळ्यातून दोन पोती झेंडू आणून टाकला. हत्यारं मांडली, हळदकुंकू झालं. तरुणाने नारळ फोडला तो तीन तडाख्यांनी. बाईने एकाच तडाख्यात फोडला आणि पाणी प्लांट हेड साहेबांच्या पँटवर उडालं. त्या पूजेचं सगळं पुण्य मला तिथेच मिळालं. मग उस्तादांनी फडक्यातून तो लाकडी मुठीचा स्क्रेपर काढला. मूठ हातांनी घासून काळी झाली होती. त्यांनी तो त्या बाईच्या दोन्ही हातांत ठेवला.

"ताई, तिला सांगा," ते म्हणाले, "हे बाबांचं हाय. त्या बाकावर ठेवायचं. कॉफीचं मशीन हलवायचं म्हणावं."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. ऑफिसातल्या बायकांनी पुढे वर्षभर त्याच्यावरून माझी टिंगल केली.

दुपारी उस्ताद प्रसाद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. या वेळी बूट घालूनच आले. त्यांची फाईल अजून कपाटात आहे का, विचारलं. मला वाटलं पासपोर्ट परत न्यायला आलेत. तो पासपोर्ट पुढे मुदत संपेपर्यंत कोराच राहिला. ते कुठेही गेले नाहीत, दोन वर्षांनी निवृत्त झाले. पण त्या दिवशी त्यांना पासपोर्ट नको होता.

"त्या दुसऱ्या कागदावर आकडा हाय ना, तो बदला," ते म्हणाले. "तेरा झाले."

मी फाईल काढली. साहेबांनी सही न केलेलं पत्र तसंच होतं. त्यातले अकरा खोडून मी पेनाने तेरा केले आणि बाजूला माझी सही केली, कारण कंपनीच्या कागदावर खाडाखोड केली की शेजारी सही लागते.